गडमुडशिंगीची पावणी

परदेशातनं माणसं इथं सेवा करायला येतात आणि त्यांना माणसात आणायचं काम माझ्या गळ्यात पडतं. कुणी विचारलं की मी सांगते, भाषा शिकवते. भाषा हा त्यातला सोपा भाग झाला. खाली मांडी घालून कसं बसायचं, केएमटीच्या बसमध्ये पुढच्या दारानं चढायचं की मागच्या, भाकरी एका हातानं कशी मोडायची, गल्लीतली बाई "जेवलीस का?" म्हणाली तर तिला खरोखर जेवणाची चौकशी करायची नसते, हे सगळं मीच सांगते. वर्षानुवर्षं तेच. दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी तोच फळा, तोच खडू आणि तेच हसू. आताशा ते हसू आणायलासुद्धा जीवावर येतं.

मी तमन्ना शिकलगार. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहते, आवाज मोठा आहे आणि राग नाकावर असतो. आधीच सांगितलेलं बरं. आमची संस्था म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. ती चालवतात त्र्यंबक सर, कॉलेजातनं निवृत्त झालेले. माणूस देव आहे, पण कुठलंही अवघड काम आलं की चष्मा पुसत म्हणतात, "तमन्ना, तू एकदा जाऊन बघ." मग मी जाते, बघते, भांडते आणि परत येते. सर चष्मा पुसतच असतात.

गेल्या हिवाळ्यात सोयॉन आली. कोरियाची. सत्तावीस वर्षांची, शिकून फिजिओथेरपिस्ट झालेली, दोन वर्षांसाठी. मला वाटलं चला, ही सुखाची. चपला दाराबाहेर काढायचं सांगावं लागलं नाही, कुणाला काही देताना दोन्ही हात पुढं करायची, म्हातारं माणूस आलं की उठून उभी राहायची, वाकून नमस्कार करायची. आमच्या पेठेतल्या पोरी तर तिच्यावर फिदा. त्यांनी मोबाईलवर कोरियन मालिका बघून बघून अर्धी भाषा उचललेली. ही बिचारी मालिकाच बघत नव्हती, त्यामुळं दोन्हीकडनं निराशा झाली.

तिची अडचण एकच होती, आवाज. इतकं हळू बोलायची की भाजीवाली कानाला हात लावून पुढं वाकायची. कोल्हापुरात हळू बोललं की लोकांना वाटतं बाईची तब्येत बरी नाही, किंवा काहीतरी लपवतेय. मी तिला आमच्या गच्चीवर उभी करायची आणि खाली गल्लीत हाका मारायला लावायची. "ओ काका, कोथिंबीर कशी दिली?" पहिल्या आठवड्यात खालचं मांजरसुद्धा वर बघत नव्हतं. मी ओरडायची, "अगं, पोटातनं काढ की आवाज." ती मान हलवायची, पुन्हा तेवढंच बोलायची, आणि मी कपाळाला हात लावायची.

बाकीची माणसं तक्रारी करतात. पाणी, डास, भोंगे, तिखट. ही कधी एका शब्दानं कुरकुरली नाही. नुसती वाळत गेली. संध्याकाळी माझ्या घरी जेवायला यायची आणि ताट वाढेपर्यंत टेबलावर डोकं ठेवून झोपायची. एकदा विचारलं, घरची आठवण येते का? म्हणाली, "नाही, ताई. दमते फक्त." मला कळत होतं की ते दोन्ही एकच आहे. पण मी तरी काय करणार होते?

शिकवणं संपलं आणि तिला काम मिळालं. काही मुलांचे पाय जन्मतःच आत वळलेले असतात. दवाखान्यात दर आठवड्याला प्लास्टर बदलून ते हळूहळू सरळ करतात. इथवर सगळं ठीक. पुढं त्या लेकराला दांडीचे बूट घालायचे, म्हणजे दोन छोटे बूट आणि मध्ये लोखंडी दांडी. पहिले काही महिने रात्रंदिवस, व्यायामापुरते आणि अंघोळीपुरते काढायचे. मग पुढं बरीच वर्षं फक्त झोपताना. हे बूट घातले नाहीत तर पाय मुकाट्यानं पुन्हा आत वळतो आणि सगळी कहाणी पहिल्यापासून सुरू होते. घरी गेल्यावर बूट घालतात का, हे बघायला दवाखान्याकडं माणूस नाही. ते बघायचं काम सोयॉनचं. गावोगावी जायचं, बूट पायात आहेत का बघायचं, आईला व्यायाम दाखवायचे, परत यायचं.

ऐकायला सोपं आहे. पण बस चुकते, ऊन लागतं, कुत्री मागं लागतात, पत्ता शोधत पोचावं तर घराला कुलूप, बाई उसाच्या लागणीला गेलेली. कुठं सासू दारातच सांगते, उद्या या. कुठं आत घेतात आणि पोराला सोडून हिच्याच केसांना हात लावून बघतात. संध्याकाळी पोरगी पिशवीसारखी माझ्या उंबऱ्यात येऊन पडायची. मी चहा टाकायची. दोघी उंबऱ्यातच बसून प्यायचो.

मग मी तिला इमामबीकडं पाठवलं.

गडमुडशिंगीच्या इमामबी म्हणजे माझ्या मावशीची नणंद, मी त्यांना खाला म्हणते. घरात नवरा बादशहा, शिवणकाम करतात, बोलत नाहीत. मुलगा तौसीफ आणि सून निलोफर दोघं गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला, सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. आणि दिवसभर इमामबीच्या मांडीवर नात, शिफा. पाच-सहा महिन्यांची, दोन्ही पाय वळलेले जन्मलेली, प्लास्टर होऊन नुकते दांडीचे बूट मिळालेली. त्या प्लास्टरच्या दिवसांत निलोफर कामावरनं येऊन रात्र रात्र पोरीला घेऊन फिरायची. पुन्हा प्लास्टर म्हटलं तर ती नुसतं नाव ऐकून रडायची. म्हणून मी सोयॉनला सांगितलं, ह्या घराकडं जरा जास्त लक्ष दे, माझीच माणसं आहेत.

पहिल्याच दिवशी इमामबींनी तिला भिंतीला टेकून बसवलं, नवी चादर अंथरली, गोडाचा शिरा केला आणि पहिला घास स्वतःच्या हातानं भरवला. सोयॉनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी ती माझ्याकडं आली तेव्हा चेहरा उजळला होता. ताटावर बसून सांगत होती, आजींनी हे केलं, आजींनी ते केलं, आजी मला सोनू म्हणतात. मलाही बरं वाटलं. चला, म्हटलं, पोरीला एक घर मिळालं.

तिथनं तिचा आवाज सुटला. मी दोन महिने गच्चीवर घसा फोडून जे जमवलं नव्हतं ते इमामबींनी पंधरवड्यात केलं. गडमुडशिंगीच्या बसमधनं उतरली की गल्लीच्या टोकाकडनंच "आजी, आलो की!" म्हणून ओरडायची. तिला पुरुषासारखं 'आलो' म्हणायची सवय तिथल्याच बायकांनी लावली. मी दुरुस्त करायला गेले तर मलाच म्हणाली, "गडमुडशिंगीत असंच असतं." आता ही मला शिकवणार! पण गालावर मांस आलं होतं, जेवताना झोपत नव्हती. मी दुरुस्तीचा नाद सोडला.

रोज एक फेरी तिकडं व्हायचीच. गेली की शिफाला मांडीवर घ्यायची, पाय हळूहळू बाहेरच्या बाजूला वळवायचे व्यायाम द्यायची. बूट आधीच काढून ठेवलेले असायचे. तिला वाटायचं, आपण येणार म्हणून आजींनी व्यायामासाठी तयारी करून ठेवली. व्यायाम झाला की ती बूट घालायला मागायची. इमामबी म्हणायच्या, आता तिला दूध पाजायचंय, मग घालते, तू आधी खा. खाईपर्यंत बसची वेळ व्हायची. सोयॉनला त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही ऐकून दिसलं नाही.

मार्चमध्ये तपासणी झाली. डॉक्टरांनी शिफाचे पाय हातात घेतले, एकदा फिरवले, दोनदा फिरवले आणि निलोफरला विचारलं, बूट घालता ना? निलोफर म्हणाली, घालतो. डॉक्टर म्हणाले, उजवा पाय परत आत चाललाय. पुढच्या तपासणीपर्यंत असाच राहिला तर पुन्हा प्लास्टर, आणि टाचेमागची शीर थोडी कापावी लागेल ती वेगळीच. निलोफर तिथंच बाकावर बसली. सोयॉन शेजारी उभी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं, कारण ज्या घरात ती रोज जात होती तेच घर हातातनं निसटत होतं. जिथं महिन्यातनं एकदा जायची तिथली पोरं ठणठणीत होती.

तिनं काय केलं? जे कुठल्याही कष्टाळू माणसानं केलं असतं तेच. फेऱ्या वाढवल्या. रविवारीसुद्धा जायला लागली. कधी सकाळी, कधी दुपारी, जसा वेळ मिळेल तसं. एक दिवस तर दोनदा जाऊन आली आणि तापानं पडली. मी तिला झापलं. ती म्हणाली, "ताई, मी कमी पडते." मला त्या वाक्याचा इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी आपटली.

त्र्यंबक सरांनी चष्मा पुसला. "तमन्ना, तू एकदा जाऊन बघ."

सोयॉनला त्या दिवशी गारगोटीकडं दुसऱ्या एका मुलासाठी पाठवलं होतं. इमामबींना हे कुणी कळवलं नव्हतं. मी सकाळचीच गडमुडशिंगीला गेले. दार उघडंच होतं. आत शिरले तर चुलीवर शिरा परतून झाकलेला, नवी चादर अंथरलेली, आणि चादरीवर शिफा. अंगात जरीचा फ्रॉक, डोळ्यांत काजळ, आणि दोन्ही उघड्या पायांत चांदीचे पैंजण. पाय उडवत होती आणि पैंजण वाजत होते. मी बूट शोधले. ते कपाटावर होते, वरनं ओढणी टाकून झाकलेले.

इमामबी माझ्या खांद्यावरनं गल्लीत बघत होत्या. "सोनू मागनं येतेय का?"

मी सांगितलं, ती आज येणार नाही. त्यांचा चेहरा पडला. मी बुटांकडं बोट केलं. मग आमचं जे झालं ते आमच्या घरच्या दखनी बोलीत झालं, इथं मराठीत सांगते. त्या अजिबात ओशाळल्या नाहीत, उलट मलाच समजावायला लागल्या. सोयॉन पहिल्यांदा आली त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायका तिला बघायला गोळा झाल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, अगंबाई, एवढ्याशा पोरीच्या पायात बेड्या काय घातल्यात? दुसरी म्हणाली, उद्या लग्नाला उभी करताना लोक हेच काढतील. हे सगळं पावणीसमोर. आणि पावणीच्या डोळ्यांत पाणी आलं. इमामबींनी ते बघितलं, आणि मनाशी ठरवून टाकलं की ही इतक्या लांबनं आईबाप सोडून आलेली लेक, माझ्या घरात येऊन तिनं दुःख बघायचं नाही. ती यायच्या आत बूट निघाले पाहिजेत, पोर सजली पाहिजे.

ती नेमकी कधी येईल ते माहीत नसतं. म्हणून बूट सकाळीच निघायचे. ती गेल्यावर, ती काय म्हणाली ते विचारायला बायका यायच्या, त्यांच्यासमोर कशाला बेड्या दाखवायच्या, म्हणून आणखी तासभर थांबायचं. मग पोर झोपायची. निलोफर आल्यावर बूट चढायचे, पण दिवसभर मोकळ्या राहिलेल्या पोरीला रात्री ते सोसायचे नाहीत, रडून आकांत करायची, आणि दमलेली आई पट्टे सैल करायची. असं रोज. सोयॉननं फेऱ्या वाढवल्या तसे बुटांचे उरलेसुरले तासही गेले.

मी म्हणाले, खाला, अहो ती बूट बघायलाच येते. तेच तिचं काम आहे.

इमामबी म्हणाल्या, "काम असंल. पण पोटात माया हाय म्हणून येते ती. कामाला आलेलं माणूस आजी म्हणतं व्हय?"

तरी मी बोलले. पाय वळला तर पुन्हा प्लास्टर, शीर कापतील, पोर चालायला लागायच्या वयात पडून राहील, सगळं सांगितलं. आवाज चढवला. शेजारचं कुणीतरी खिडकीतनं डोकावलं. इमामबींनी शिफाला छातीशी धरलं, त्यांचे डोळे भरले, आणि म्हणाल्या, व्हय व्हय, उद्यापासनं बूट काढणार नाही, पावणी आली तरी नाही. मी स्वतः बूट चढवले, पैंजण कपाटात टाकले आणि निघाले. शिरा खाल्ल्याशिवाय सोडलं नाही, तो भाग वेगळा.

पण मी ह्याच मातीतली आहे. हे 'व्हय व्हय' मला माहीत आहे. समोरचा पावणा गप्प बसावा, त्याला बरं वाटावं, म्हणून दिलेलं 'व्हय' असतं ते. खोटं नसतं. देताना मनापासनं दिलेलं असतं. फक्त दुसऱ्या दिवशी ते उरत नाही. सोयॉनला मी काही बोलले नाही. तीन-चार दिवस जाऊ दिले आणि निलोफरला कामावर असताना फोन केला. मागं मशीनचा आवाज येत होता. ती म्हणाली, ताई, तसंच चाललंय. आई म्हणतात, पावणी गेली की घालते. मी म्हटलं, तू सांग की सासूला. ती रडायलाच लागली.

"त्या येऊ नयेत असं मी कसं म्हणू, ताई? त्या आमच्या पोरीसाठीच येतात."

म्हणजे तिलाही कळलं होतं. सगळ्यांना कळलं होतं, आणि बोलायची पाळी नेहमीप्रमाणं माझी. त्या संध्याकाळी घरी चालत येताना मला मनापासनं वाटलं, ही नोकरी सोडावी, शिवणाचा क्लास काढावा आणि कुणाला काही सांगायचं नाही.

सोयॉन आली तेव्हा मी मेथी निवडत होते. तीही समोर बसली आणि निवडायला लागली. ताप उतरून आठवडा झाला होता, तरी डोळ्यांखाली काळं होतं. उद्या सकाळी लवकरची बस धरते म्हणाली, म्हणजे आजींकडं जास्त वेळ मिळेल. मी पानं तशीच ठेवली.

"सोयॉन, तू तिकडं गेलीस की त्या पोरीचे बूट निघतात."

तिला आधी समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं, पैंजण, ओढणीखालचे बूट, बेड्या म्हणणारी बाई, तिच्या डोळ्यांतलं पाणी. ती ऐकत गेली आणि हातातल्या मेथीची देठंही खुडत गेली, पानं कुठली देठं कुठली काही राहिलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "मी बूट बघून रडले नव्हते. त्यांनी मला भरवलं. इथं मला कुणी भरवलं नव्हतं."

मला माझीच लाज वाटली, कारण दोन महिने ती माझ्या घरी जेवत होती. पण ते तिच्या मनात नव्हतं. ती विचार करत होती. तिथं गेल्यावर बूट मीच घातले तर, तिनं विचारलं. घालायला दिलेत का इतके दिवस, मी म्हटलं. मी आजींना समजावलं तर? मी समजावून आले, भांडून आले, म्हटलं. ठरलेल्या वेळीच गेले तर? मग पोर दोन तास आधी सजेल, म्हटलं. तिच्या शिक्षणात ह्यावर काही नव्हतं, आणि माझ्याही फळ्यावर नव्हतं. मी तिला पहिल्या दिवसापासनं हेच शिकवलं होतं की दिलेलं नाकारू नकोस.

मग तिनं विचारलं, गावात आरोग्याचं बघणाऱ्या आशाताई आहेत ना? आहेत, म्हटलं. त्या गल्लीतल्याच, रोज दारावरनं जातात. त्यांच्यासाठी कुणी चादर अंथरत नाही, कुणी उठतसुद्धा नाही. त्या उंबऱ्यातनंच ओरडतील, बूट घातलेत का गं, आणि नसले तर इमामबीशी कचाकचा भांडून पुढं जातील.

"मग त्यांना सांगा," सोयॉन म्हणाली. "मी जात नाही."

मी म्हटलं, इमामबींना मी नीट समजावून सांगते, का येत नाहीस ते. तर तिनं माझा हात धरला. इतक्या जोरात तिनं कधी धरला नव्हता.

"नको, ताई. सांगितलं तर त्या बूट ठेवतो म्हणतील आणि मला बोलावतील. बोलावलं तर मी जाईन."

आम्ही ती चेंदामेंदा झालेली मेथी तशीच फोडणीला टाकली आणि जेवलो. तिनं दुसऱ्या दिवशी सरांना भेटून गारगोटीकडची गावं मागून घेतली. सरांनी का म्हणून विचारलं नाही. चष्मा मात्र पुसला.

पुढचे काही दिवस इमामबींचे फोन मला आले. आधी काळजीनं, सोनूला बरं नाही का? मी सांगितलं, काम वाढलंय. मग एका केएमटी कंडक्टरबरोबर डबा पाठवला, अंड्याची पोळी आणि शिरा. सोयॉननं तो डबा समोर ठेवला, झाकण काढलं आणि खाताना माझ्याकडं पाठ करून बसली. डबा घासूनपुसून परत पाठवला, सोबत निरोप नाही. निरोप पाठवला असता तर जाणं आलं असतं. मग इमामबींचा आवाज फोनवर बदलत गेला. आमच्या घरात काय कमी पडलं? कुणी काही बोललं का तिला? गरिबाचं घर आवडलं नाही म्हणावं की तोंडावर. एकदा तर म्हणाल्या, एवढी बोलभांड तू, तमन्ना, आणि तुझ्याकडनं एक खरं उत्तर मिळत नाही. मी फोन ठेवला आणि नवऱ्याशी कशावरनं तरी भांडले. बिचारा पेपर वाचत होता.

आशाताई मात्र रोज दारात उभ्या राहायच्या. त्या मला कळवायच्या की म्हातारी शिव्या देते, पण बूट पायात असतात. कुणासाठी काढायचे? पावणी येत नव्हती. गल्लीतल्या बायकांनाही बघायला काही उरलं नव्हतं.

मे महिन्यात तपासणीचा दिवस आला. दवाखान्यात मुलांना धरायला, आयांना बसवायला सोयॉनला यावंच लागतं, तिचं कामच ते. गारगोटीहून पहाटेच्या एसटीनं आली, काळवंडलेली, पायावर धूळ. मी बरोबर होते. आतल्या खोलीत निलोफर शिफाला घेऊन टेबलापाशी होती आणि इमामबी शेजारी. सोयॉन दाराजवळच उभी राहिली, पुढं गेली नाही. डॉक्टरांनी बूट सोडले, पाय फिरवला आणि हसले. उजवा पाय परत जागेवर आलाय म्हणाले. प्लास्टर नको, कापणं नको. मात्र मधे वाया गेलेले दिवस भरून काढायला आणखी तीन महिने बूट असेच, रात्रंदिवस. आता सोडलंत तर ह्याच पायानं पुन्हा दगा द्यायचा, म्हणाले.

निलोफरनं दाराकडं बघितलं. सोयॉन का येत नाही ते तिला ठाऊक होतं. ओठ हलले, पण सासू शेजारी होती. मी सोयॉनकडं बघितलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून. अजून तीन महिने नाही.

इमामबी बाहेर निघाल्या. आमच्यासमोर आल्यावर सोयॉन वाकली, तिच्या पद्धतीनं, कमरेतनं, आणि बराच वेळ वर आली नाही. इमामबींनी ते बघितलं. त्या थांबल्या, पण बोलल्या माझ्याशी. एरवी आम्ही दोघी आमच्या बोलीत बोलतो. त्या दिवशी त्या मराठीत बोलल्या, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, समोरच्या पोरीला कळावं म्हणून.

"तमन्ना, पावण्यास्नी सांग. आमच्या पोरीचा पाय सरळ झाला म्हणावं. त्यांच्याबिगर झाला."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. सगळं तोंडाशी आलं, एका दमात सांगून टाकावं, म्हातारीला तिथंच बाकावर बसवून रडवावं. पण सोयॉननं माझ्या आधी तोंड उघडलं. आवाज मोठा होता, स्वच्छ होता, अख्ख्या व्हरांड्यात ऐकू जाईल असा.

"छान झालं, आजी," ती म्हणाली.

इमामबींनी पदर सारखा केला आणि पुढं चालू लागल्या. निलोफर मागनं गेली. तिच्या खांद्यावर शिफा उलटी होती, दोन्ही पाय दांडीच्या बुटांत, आणि ती आमच्याकडंच बघत होती. सोयॉननं तिला हातसुद्धा हलवून दाखवला नाही.

त्या जिन्यावरनं खाली जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग माझ्याकडं वळली. "मला दारातनं नीट दिसलं नाही, ताई. तुम्ही जवळ होता. पाय खरंच सरळ आहे ना? बघितलात ना तुम्ही?"

बघितला, म्हटलं, एकदम सरळ आहे. खरं तर मी सगळा वेळ इमामबींचं तोंड बघत होते.